ज्वारीची उशी

परभणीच्या माणसाला थंडी परकी वाटत नाही. उन्हाळ्यात 42-43 अंशांत भाजून काढणारी हीच काळी जमीन पौषात अशी काही गारठते, की कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा 5-6 अंशांवर उतरल्याची बातमी पेपरात ठळक छापून येते, चौकातल्या शेकोटीभोवती ती मोठ्यानं वाचली जाते, आणि वाचणाऱ्याच्या आवाजात हुडहुडीपेक्षा अभिमानच जास्त असतो. जगात जर्मनी, भारतात परभणी. गारठ्यातही आपला नंबर मागं नको.

पण ही थंडी नीट भेटते ती शहर सोडून जिंतूरच्या पुढं गेल्यावर, येलदरीच्या फुगवट्याच्या कडेला, झुंजूमुंजू व्हायच्या कितीतरी आधी. तिथं ती आधी जमिनीतून येते. बारदानावर अंथरलेल्या सतरंजीतून, पायांच्या बोटांतून, मग घोट्यांतून, मग मांडी घातलेल्या गुडघ्यांतून ती सावकाश वर चढते आणि छातीशी येऊन थबकते. तिथून पुढं तिच्याशी भांडायचं नसतं. हलायचं नाही, खाकरायचं नाही, तळहात एकमेकांवर चोळायचे तेही आवाज होणार नाही असे. एवढं जमलं की थंडीही शेजारी बसल्यासारखी बसून राहते.

पूर्णा नदीवर साठच्या दशकात येलदरीचं हे धरण झालं. नदीचं पाणी दरीत मागं मागं पसरत गेलं आणि आता परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांच्या मधोमध एक निळं आडवं पडलेलं आहे. पावसाळ्यात ते तुडुंब आणि गढूळ, अनोळखी. हिवाळ्यात मात्र कालव्यांना आवर्तनं सुटू लागली की पाणी रोज थोडंथोडं मागं सरकतं, आणि सरकताना गाळाची मऊ, काळीभोर कड उघडी टाकून जातं. त्या गाळात लोक हरभरा पेरतात, गहू टाकतात. गाळपेराच्या या शेताला नांगर फारसा लागत नाही, लागतो तो वेळेचा अंदाज. पुढं पाणी, मग पाऊलभर रुतेल एवढा चिखल, मग कोवळ्या हरभऱ्याचा हिरवा पट्टा. पाखरांना याहून वेगळं काय हवं?

पाखरांचे फोटो काढायला बसायचं आमचं लपण त्या हिरव्याच्या आणि चिखलाच्या मधल्या रेषेवर असतं. चार बांबू, दोन जुनी बारदानं, वरून तुराट्या आणि पऱ्हाट्या, पाठीमागं कडब्याच्या पेंढ्या उभ्या लावलेल्या, आणि समोर हातभर रुंदीची फट. ते उभं करून लगेच आत बसायचं नसतं. ते तसंच रिकामं सोडून द्यायचं. वाऱ्यानं तुराट्या खडखडतात, उन्हानं बारदान विटतं, एखादं कुत्रं येऊन हुंगून जातं, आणि समोर सगळी पाखरं त्याचा हळूहळू निकाल लावत असतात. सगळ्यांत संशयी टिटवी. ती लांबून ओरडते, मग जवळून ओरडते, मग डोक्यावरून घिरट्या घालत शिवारभर बोभाटा करते. एके दिवशी ती लपणाच्या सावलीत मान खाली घालून किडे टिपू लागते. टिटवीनं मंजुरी दिली की बाकीचे मुकाट मान्य करतात.

आत शिरण्याचीही एक रीत आहे. एकट्यानं गेलं तर पाखरांना कळतं की आत गेलेलं माणूस अजून बाहेर आलेलं नाही. म्हणून दोघांनी जायचं आणि एकानं परत फिरायचं. माणूस आला आणि माणूस गेला एवढंच त्यांच्या लेखी घडतं. किती आले, किती गेले याचा हिशेब ती सहसा ठेवत नाहीत, हा जुन्या फोटोग्राफरांचा अनुभव आजही खरा ठरतो. मला सोडायला येतात ते त्या गाळपेराचे आबा. अंगावर घोंगडं, हातात बॅटरी, पण ती पेटवायची नाही हे त्यांना सांगावं लागत नाही. मी आत सरपटत गेलो की ते बारदानाचा पडदा खाली सोडतात आणि कुजबुजतात, "बसा. मी खाकरत खाकरत जातो. म्हंजे त्यायला वाटंल, गेली बला." आणि खरंच ते बांधापर्यंत अगदी ठसक्यात खाकरत जातात. मग खाकरणं विरतं, चपलांचा आवाज विरतो विरतो म्हणता थांबतो, आणि अंधार पुन्हा मिटून पूर्ववत होतो.

आणि मग आपण नसतो.

आधी फक्त कान असतो. पाणी कडेला येऊन चिखलात जिरतं त्याचा बारीक, ओला चुळचुळाट. कुठं तरी मासा उसळून पडल्याची थाप. दूर पलीकडच्या काठावर भोयांच्या वस्तीतून एका कोंबड्याचं अर्धवट आरवणं. कोल्ह्यांची एक लांबट कुई आणि तिला तिसऱ्याच दिशेनं मिळालेलं उत्तर. हरभऱ्याच्या पाल्यावर रात्रभर साचलेल्या दवाला एक आंबूस वास असतो, तो नाकाशी येतो. चिखलाचा वास त्याच्याखाली असतो, जड. या सगळ्याच्या वर अधूनमधून चक्रवाकांची ती सानुनासिक, पोकळ हाक. हे पक्षी रात्री नदीच्या दोन काठांवर विलग होतात आणि उजाडेपर्यंत एकमेकांना हाका मारतात, असं कवींनी शतकानुशतकं सांगितलं. मी त्या दोघांचे आवाज भर अंधारात एकाच ठिकाणाहून येताना ऐकलेले आहेत. तरी कवींना खोटं म्हणवत नाही. त्या हाकेतच एक अंतर आहे. शेजारी बसूनही ती फार लांबून आल्यासारखी येते.

पूर्वेला काही होतंय असं वाटतं तेव्हा खरं तर काहीच होत नसतं. धुई असते. पाण्यावरून ती हातभर उंच उठलेली असते, न पांढरी, न निळी, आणि उजेड आभाळातून उतरण्याऐवजी तिच्यातूनच झिरपत वर येतोय असा भास होतो. काळ्यात आधी राखाडी मिसळतं, राखाडीत किंचित जांभळं, मग कुठलीशी एक कड उजळते आणि जिथं मघापासून नुसता दगड आहे असं वाटत होतं तो दगड मान वर करतो. बगळा असतो तो. त्याच्या बाजूचे दोन दगड म्हणजे हळदीकुंकू बदकं. शेकाट्यांच्या लाल काटकुळ्या तंगड्या आधी दिसतात आणि पक्षी नंतर. धोबी शेपटी वरखाली करत थेट लपणाच्या फटीशी येतो, इतका जवळ की लेन्सला तो दिसतच नाही, डोळ्यालाच दिसतो. महाराष्ट्राच्या घराघरांत ही नावं पोचली त्यात मारुती चितमपल्लींचा वाटा मोठा. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये सोलापुरात ते वारले. त्या हिवाळ्यात लपणात बसलो असताना धोबी नेहमीसारखाच आला. त्याला काय ठाऊक असणार.

मग आभाळातून येतो तो आवाज. आधी कुजबूज, मग गलबला, मग डोक्यावरून पंखांचा सरसरता वारा. पट्टकादंब. रात्रभर ते शिवारांत चरतात, हरभऱ्याचे शेंडे खुडतात, गव्हाचं कोवळं पातं ओरबाडतात, आणि उजाडता उजाडता पाण्याच्या कडेला विसाव्याला परत येतात. धुईतून एकेक मान, एकेक छाती बाहेर पडते. पाय पुढं काढून, पंख मागं दाबून, चिखलावर दोन पावलं घसरत ते उतरतात आणि उतरल्याबरोबर सगळे एकदम बोलू लागतात. रात्रीच्या मुक्कामाहून परतलेल्या दिंडीतही एवढी गडबड नसते.

एक अगदी समोर येऊन उभा राहिला. भिंगातून तो इतका जवळ होता की त्याचं सबंध अंग चौकटीत मावेना. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे, एक डोळ्यापासून डोळ्यापर्यंत माथ्यावरून गेलेला, दुसरा त्याच्या खाली, मानेशी, आखूड. मानेच्या कडेनं उतरलेली पांढरी ओळ. केशरी-पिवळी चोच, तिचं टोक काळं, आणि त्या काळ्यावर हरभऱ्याच्या पाल्याचा एक हिरवा कण चिकटलेला. पाठीवरच्या राखी पिसांच्या कडांवर दवाचे थेंब होते, आणि तो श्वास घेई तेव्हा ते थेंब एकाच वेळी किंचित हलत. त्यानं एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला. डोळ्यावरून एक पातळ, दुधी पडदा आडवा सरकला आणि परत गेला. पुन्हा सरकला. या पक्ष्यानं लडाख, तिबेट किंवा मंगोलियातल्या एखाद्या तळ्याकाठी उन्हाळा काढलेला असणार आणि तिथून हिमालयावरून उडत तो इथं आलेला असणार. यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवून अभ्यास झाले तेव्हा 7,000 मीटरहून उंचावरून ते उडाल्याच्या नोंदी मिळाल्या. आणि असंही दिसलं की हे डोंगर ते बहुधा रात्री किंवा पहाटे ओलांडतात, कारण थंड हवा दाट असते आणि पंखांना जास्त आधार देते. ज्या गारठ्यानं माझी बोटं शटरवर बधिर झाली होती तो गारठा म्हणजे त्याचा रस्ता. तो माझ्यासमोर एका पायावर पेंगत होता आणि मी श्वास रोखून बसलो होतो.

फोटो मी बराच वेळ काढलाच नाही.

नव्या कॅमेऱ्यांना आवाज नसतो, त्यामुळं तो दचकला असता असंही नाही. पण दोन हजारांश सेकंदाच्या त्या तुकड्यात दवाचं ते श्वासागणिक हलणं येणार नव्हतं, हे दिसत होतं. मग काढले. चांगले आले. त्यांत थेंब आहेत, हलत नाहीत.

लपणाची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या दोन भावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्ष्यांचे आणि घरट्यांचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि 1900 च्या सुमारास चक्क एक पोकळ बैल करून घेतला. बैलाचंच कातडं, आत सांगाडा, पोटात माणूस आणि कॅमेरा. पाखरं माणसाला भितात, बैलाला भीत नाहीत, एवढा साधा हिशेब. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, आणि पाठोपाठ आपल्याकडचा पोळा आठवला. पण येलदरीच्या कडेला बसून बसून आता वाटतं की त्या भावांना बैलाचं कातडं कळलं, बैलामागून चालणारा माणूस मात्र कळायचा राहिला.

कारण मी रोज पाहतो. ऊन वर आल्यावर आबा परत येतात. घोंगडं आता डोक्यावर, हातात विळा. पट्टकादंबांच्या थव्यापासून ढेकूळ फेकलं तर पोचेल इतक्या अंतरावरून ते सरळ चालत जातात, वाकतात, तण काढतात, पुन्हा चालतात, मध्येच खोकतात. थव्यातल्या चार माना वर होतात आणि खाली जातात. पलीकडं भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हातांनी पाणी मारत जाळं ओढत असतो, तराफ्याच्या मागच्या टोकावर पाणकावळा बसलेला. मेंढरांमागचा पोरगा शीळ घालत चिखल तुडवत जातो, चक्रवाक त्याला बाजूला सरून वाट देतात. आणि मी, अंगात हिरवं जॅकेट, हिरवी टोपी, हिरवी पिशवी असा लपणाबाहेर नुसता गुडघा काढला तरी सबंध काठ एका झटक्यात आभाळात जातो. पाखरांना माणूस चालतो. टक लावून पाहणारा माणूस चालत नाही. ज्याला त्यांच्याकडून काही नको आहे त्याला ती आपल्यात घेतात, आणि मला त्यांच्याकडून सगळंच हवं असतं. आबांकडे जे वर्षानुवर्षांच्या वावरानं आलेलं आहे, ते मी चार बांबू आणि दोन बारदानं लावून सकाळपुरतं उसनं घेतो.

या उसनवारीत माझ्या मालकीची एकच वस्तू आहे, एक उशी. जुन्या जीन्सच्या पँटीचा एक पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून केलेली. मोठी लेन्स हातात धरून तासन्‌तास बसता येत नाही आणि तिपाईचे पाय लपणात मावत नाहीत, म्हणून ही उशी पुढच्या आडव्या बांबूवर टाकायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. तिच्यात ज्वारी भरलेली आहे. बाहेरगावचे मित्र थर्माकोलचे मणी भरतात, हलके पडतात म्हणून. पण ते कुरकुरतात. ज्वारी कुरकुरत नाही. ती लेन्सखाली हळूच सरकते, तिच्या आकाराची जागा करून देते आणि गप्प राहते. दाणा गोल, मोठा, चकचकीत. विद्यापीठानं काढलेल्या 'परभणी मोती' वाणाचा. पहाटे गाल तिच्यावर टेकला तर जीन्समधूनही दाणे गालाला लागतात. एका हंगामात उंदरांनी ती कोपऱ्यातून कुरतडली आणि दाणे लपणात सांडले. दुसऱ्या दिवशी आत शिरलो तर दोन होले तिथंच निवांत टिपत होते. लपणाच्या बाहेर नव्हे, आत.

ज्या दाण्यावर टेकून मी पाखरं टिपतो, तोच दाणा खायला ती येतात. भोरड्या तर त्याच्यासाठीच. मध्य आशियातल्या गवताळ रानांत पिलं वाढवून त्या पावसाळा सरता सरता इकडं उतरतात, आणि रब्बीची ज्वारी दुधावर आली की शिवारावर एक गुलाबी-काळं सावट फिरू लागतं. हुरड्याचे दिवस माणसांचे तसे त्यांचेही. जिंतूरकडच्या वाटेवर एक ज्वारीचं रान आहे, त्यात मेढी रोवून बांधलेला माळा, आणि माळ्यावर एक आजी. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायाशी खड्यांचा ढीग, हातात गोफण. तिचा वेग पाहण्यासारखा. डोक्याभोवती दोन वेढे, तिसऱ्याला गाठ सुटते, फट्ट असा आवाज होतो, आणि ज्वारीच्या कणसांतून हजार भोरड्या एकाच मनानं उठतात, वळतात, आभाळात घडी पडते, उलगडते, आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतात. पुन्हा गोफण. मी बांधावरून कॅमेरा रोखला होता. तिनं वरून पाहिलं.

"काय, पाखराचे फोटू काढायलात?"

"हो आजी."

"तुम्ही बोलवायलात, मी हाकलायले. पाखरानं ऐकावं कुणाचं?"

यावर मला काही सुचलं नाही. तिनं खाली येऊन हुरडा दिला, शेणीच्या आरावर भाजलेला, हातावर चोळून, फुंकर मारून. हातावर घेतला तेव्हा दाण्यांतून वाफ येत होती. ज्वारीचं तिचं एकटीचंच रान राहिलंय, ती म्हणाली. आजूबाजूला सगळा हरभरा, त्याआधी सोयाबीन. सगळ्या शिवारात ज्वारी असायची तेव्हा पाखरंही वाटून खायची, कुणाला जाणवायचं नाही. आता सगळी धाड एकट्या रानावर. म्हणून पुढच्या साली नको म्हणतोय पोरगा. तिच्या बोलण्यात पाखरांवर राग नव्हता, हिशेब होता. मराठवाड्यातलं ज्वारीचं रान गेली कित्येक वर्षं असंच एकेक बांध करत आक्रसतंय. राखण करायला माणूस नाही, काढायला मजूर नाही, भाव नाही. शेवटचा माळा उतरला की गोफणीचा फट्टही जाईल आणि ज्याच्यावर तो फट्ट उठायचा ते गुलाबी आभाळही. हाकलणारी आजी आणि बोलावणारा मी, आम्ही दोघं एकाच दाण्यावर बसलो आहोत. फरक इतकाच की तिचा दाणा कणसात आहे.

संध्याकाळी त्याच भोरड्या बाभळवनात मुक्कामाला उतरताना पाहिल्या. थव्यावर थवे येऊन मिळत होते, आभाळ त्यांच्यानं ताणलं जात होतं, आकसत होतं, मावळतीचा लाल रंग त्या गुलाबीत शिरून दिसेनासा होत होता, आणि मग कुणी दोरी ओढावी तसं सगळं एका क्षणात बाभळींत ओतलं गेलं आणि झाडं बोलू लागली. लपणाची गरज नव्हती. रस्त्याच्या कडेला उभं राहून, उसाच्या ट्रॅक्टरचे दिवे अंगावर घेत, सगळ्यांनी पाहावं असंच ते होतं. एक दुधवाला तेवढा थांबला. मोटारसायकल बंद करून त्यानं मिनिटभर वर पाहिलं, "लई येतेत," म्हणाला आणि गेला.

हल्ली येलदरीला शनिवार-रविवारी गाड्या वाढल्यात. याचा मला आनंदच आहे; परभणीकरानं आपलं पाणी पाहायला यावं. पण लांबून गाडी उभी करून, काठापर्यंत पळत येऊन, बसलेल्या थव्यावर ढेकूळ फेकणारी माणसंही मी लपणाच्या फटीतून पाहिली आहेत. पंख पसरलेला फोटो हवा असतो. तसा फोटो मिळतो. त्यात पंख सुंदर असतात आणि डोळ्यात फक्त घाबरणं असतं, ते मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही. आबांनी एकदा अशा एकाला हटकलं तर तो म्हणाला, "काका, पाखरं तुमची आहेत का?" आबा म्हणाले, "न्हाईत. म्हणून तर ढेकूळ मारत न्हाई मी."

तुम्ही या हिवाळ्यात येलदरीला आलात तर उजाडायच्या आधी या. ज्याचा गाळपेर असेल त्याला विचारून बांधावर बसा, हरभरा तुडवू नका, वाटेत माळा दिसला तर आजीकडून हुरडा विकत घ्या. फोटो नाही मिळाला तर थर्मासमधला चहा पिऊन परत जा, पण बसलेला थवा उठवू नका. त्यांना रात्री पुन्हा चरायला जायचं असतं, आणि मार्च सरता सरता हिमालय परत ओलांडायचा असतो.